वजन ब्याऐंशी ग्रॅम

खडेबाजारात छत्र्या दुरुस्त करणाऱ्याला लागून
रेवणकरांचं दुकान. काचेखाली निळ्या मखमलीवर
चाकू झोपलेले, पाय पोटाशी घेऊन.
म्हटलं, डोंगरात न्यायला एक हवाय.
"कुठला डोंगर?" रेवणकर म्हणाले,
जसा काही प्रत्येक डोंगराला वेगळा चाकू लागतो.
लागतही असेल.

पहिल्याला सतरा पाती.
नखानं एकेक उचलत गेले:
हे डब्याचं, हे बाटलीचं,
हे माशाचे खवले काढायला,
हे... हे काय ते कंपनीलाच ठाऊक.
सगळं उघडल्यावर तो काउंटरवर पडला
उताण्या खेकड्यासारखा.
उचलून बघितला. पाव किलो वांगी.

दुसरा साधा. एक पातं, शिसवी मूठ.
धार अंगठ्यावर आडवी फिरवली
आणि लक्षात आलं, माझा हात विळीचा.
विळीचं पातं जागेवर बसतं, भाजी चालत येते त्याच्याकडे.
इथं मी थांबायचं आणि पात्यानं चालायचं.
चाळीस वर्षांची सवय
दुकानात उभ्या उभ्या कशी मोडणार?

तिसरा लाल. बोटभर लांब.
एक पातं, कात्री, चिमटा,
आणि तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी, टोकाला चपटं.
"हा कशाला?"
"चष्म्याच्या स्क्रूला."
"मला चष्मा नाही."
"लागेल," रेवणकर म्हणाले,
आणि पन्नास रुपये कमी केले.

तीन रात्री टीव्हीसमोर
मी तो उघडत होते, मिटत होते.
एक नख गेलं.
जाऊबाई म्हणाल्या, "काय कापूलास ग तिथं जाऊन? झाडं?"
उत्तर नव्हतं.
दोरी, म्हटलं. कुठली दोरी, ते नाही सांगितलं.

रविवारी साडेसहाला हेम्माडग्याचा नाका.
गार्डच्या छातीवर नाव कन्नडमध्ये,
मी अक्षर अक्षर जुळवलं: नाईकर.
एका हातानं चष्मा कानाशी धरून
दुसऱ्यानं तो रजिस्टर लिहीत होता.
चष्म्याच्या काडीला बिजागरीपाशी पांढरा दोरा.
"चाकू?" त्यानं विचारलं.
दोन्ही भाषांत शब्द एकच,
कळलं नाही म्हणायची सोय नव्हती.
लाल चाकू एक, अशी नोंद झाली,
आणि माझे ब्याऐंशी ग्रॅम
त्याच्या ड्रॉवरमध्ये गेले.

दिवसभर हात खिशाकडे.
काकड्या गुडघ्यावर मोडल्या.
सुलभाच्या बुटाचा तळ सुटला, तो नाडीनं बांधला,
उरलेली नाडी तिनं दातांनी तोडली.
हीच ती दोरी असणार,
जाऊबाईंना सांगायची राहिलेली.
वरच्या कड्यावर मोबाईल म्हणाला,
गोव्यात आपलं स्वागत आहे.
आम्ही दोन पावलं मागे आलो. तो गप्प झाला.
उतरताना करवंदीचा काटा
तर्जनीत शिरला, तिथंच मोडला.
चिमटा आठ किलोमीटरवर, ड्रॉवरमध्ये.

संध्याकाळी नाक्यावर दिवा लागलेला.
नाईकरच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता,
तो दहा वर्षांनी लहान दिसत होता.
समोर काडेपेटीत एक स्क्रू,
किती आठवडे जपलेला कोण जाणे,
आणि हातात माझा चाकू,
त्या तांदळाच्या दाण्याकडून उघडलेला.
"स्वल्प निल्ली," तो म्हणाला.
मी टॉर्च धरला.
स्क्रू तीनदा टेबलावर पडला,
एकदा सुलभाच्या पायाशी.
कुणी बोलत नव्हतं. जंगलातही कुणी बोलत नव्हतं.
मग बसला.
दोरा त्यानं माझ्याच कात्रीनं कापला,
चष्मा लावला, आमच्याकडे बघितलं,
आणि सकाळी चुकलेलं माझं आडनाव
रजिस्टरमध्ये खोडून नीट लिहिलं.

खानापूरच्या रस्त्यावर, जीपमध्ये,
मोठं पातं उघडलं. पेरूचा वास.
म्हणजे दुपारी त्यानं पेरूही खाल्ला होता,
फोडी करून, मीठ लावून असेल.
पातं पुसलं नाही.

काटा घरी येऊन काढला,
सुईनं.